जलविरोधी डाऊन

हंस आणि बदक यांच्या छातीवर मोठ्या पिसांखाली मऊ लव असते, तिला डाऊन म्हणतात. ही लव भरून हिवाळी जॅकेट आणि स्लीपिंग बॅग शिवतात. शिवण्याआधीच लवेच्या प्रत्येक पुंजक्यावर पाणी न धरणारा पातळ लेप चढवला, की ते जलविरोधी डाऊन. बाजारात ते 2012च्या सुमारास ठळकपणे आले. साधे डाऊन त्याहून बरेच जुने. 1922च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच डाऊनचा कोट घालून गेले होते आणि अमेरिकी व्यावसायिक एडी बाउर यांना डाऊन जॅकेटचे पेटंट 1940 साली मिळाले.

ऊब लवेत नसते, लवेने अडवून धरलेल्या हवेत असते. गादी पिंजून आणली की तोच कापूस दुपटीने फुगतो आणि पाठीला थंडी लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. डाऊनचा फुगारा 'फिल पॉवर' या आकड्याने सांगतात. 800 फिल पॉवरचे 28 ग्रॅम डाऊन सुमारे 13 लिटर जागा व्यापते, म्हणजे एवढ्याशा वजनात जवळजवळ हंडाभर हवा. डाऊन भिजले की पुंजके एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि हवेच्या जागी पाणी बसते. पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओल्या डाऊनमध्ये माणूस कुडकुडतो.

लेपाचे काम समजायला विदर्भात लांब जावे लागत नाही. वेचणीच्या दिवसांत बोंडातला कापूस बादलीत टाकून पाहावा. तो तरंगतो, बोटाने दाबला तरी वर येतो. मेडिकलमधून आणलेला पट्टीचा कापूस मात्र पाणी पिऊन तळाशी बसतो. बोंडातल्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, वजनाने 1 टक्क्याच्याही आत. पट्टीच्या कापसातून तो सोड्यात उकळून काढलेला असतो. काटेसावरीच्या शेंगेतला कापूस तर पाण्याला सहसा दादच देत नाही. पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावत असतो. कारखान्यात डाऊन धुताना त्यातले बरेचसे स्निग्ध निघून जाते. जलविरोधी लेप म्हणजे पक्ष्याचे हे काम माणसाने पुन्हा करणे.

मग उपयोग किती? कोरड्या डाऊनची ऊब लेपाने वाढत नाही. फरक पडतो तो ओलीच्या वेळी, आणि ओल दोन वाटांनी येते. हरभऱ्याच्या शेतात जागलीला माळ्यावर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणावर पहाटे दव पडते. ही बाहेरची ओल थेंबांची असते. ती आधी वरचे कापड अडवते आणि जे आत झिरपते ते लेपावरून घरंगळते. पुंजके लवकर गोळा होत नाहीत, वाळतातही लवकर. हा फायदा खरा आहे. दुसरी ओल आतली. झोपेतही अंगातून वाफ निघत राहते, ती डाऊनमध्ये शिरते आणि बाहेरच्या गार कापडाजवळ तिचे पाणी होते. पीस केसासारख्याच केराटिन प्रथिनाचे असल्याने वाफ शोषून घेते. लेप थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. हिमालयात सलग पाच-सहा रात्री ऊन न दाखवता वापरलेली बॅग जड आणि चपटी होते ती मुख्यतः या वाफेने, आणि लेप असला तरी होते.

विक्रेते दाखवतात ती बरणीतली चाचणी याच कारणाने फसवी वाटते. सुटे, नवे डाऊन पाण्यात हलवत राहतात आणि किती मिनिटांनी भिजले ते मोजतात. त्या मिनिटांवरून रात्रीच्या उबेचा हिशेब लावू नये. घाम, मळ आणि धुण्याने लेप झिजतो, हेही त्या बरणीत दिसत नाही.

सुरुवातीचे बरेच लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते. ती निसर्गात विघटन न होता साठत राहतात. त्यांपैकी पीएफओए या रसायनावर 2019 साली, न विघटणाऱ्या प्रदूषकांसाठीच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारान्वये, जागतिक निर्बंध आले. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025पासून कपड्यांत अशी रसायने मुद्दाम वापरण्यावर बंदी घातली. अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना मात्र जास्तीची मुदत दिली. फ्लोरिनविरहित लेप आता सहज मिळतात आणि घ्यायचेच तर तेच घ्यावेत.

आठवडी बाजारात दोन-चारशेला मिळणाऱ्या 'डाऊन' जॅकेटात बहुधा पॉलिएस्टरच असते. खऱ्या डाऊनमध्ये थोडी पिसे मिसळलेली असतात, त्यामुळे शिवणीजवळ चिमटीत धरून दाबले की बारीक काडी टोचते. डाऊन समजून पॉलिएस्टर घेऊ नये, पण कामाला ते कमी नाही. कृषिपंपाची वीज रात्री येते तेव्हा गव्हाच्या ओलितासाठी पाण्यात उभे राहून दारे मोडावी लागतात. तिथे डाऊन नको, लेपाचेही नको; पॉलिएस्टरचे जॅकेट किंवा लोकरीचे घोंगडे हवे. पॉलिएस्टर भिजले तरी डाऊनसारखे चपटे होत नाही आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही. चिखलदऱ्यासारख्या सुमारे 1,100 मीटर उंचीच्या ठिकाणी डिसेंबरात उघड्यावर झोपणाऱ्याला, किंवा इथून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्याला मात्र हलके डाऊन खरोखर उपयोगी, आणि किंमत फारशी वाढत नसेल तर लेपाचे घ्यावे.

भिजलेले डाऊन पिळू नये. दोन्ही हातांवर आडवे उचलून सावलीच्या वाऱ्यावर सपाट पसरावे आणि दर तासाने कापडावरूनच बोटांनी गोळे चाचपून फोडावेत. वरचे कापड आधी वाळते, आतले डाऊन दोन-दोन दिवस ओले राहते. शेवटचा गोळा सुटेपर्यंत घडी घालू नये.