दाबयुक्त अल्ट्राफिल्ट्रेशन

पंपाच्या दाबाने पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून (मेंब्रेनमधून) ढकलून त्यातील गाळ, जिवाणू, परजीवी आणि बहुतांश विषाणू अडवण्याची जलशुद्धीकरण पद्धत. पटलाची छिद्रे साधारणपणे ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). विरघळलेले क्षार मात्र त्यांतून सहज पार होतात. त्यामुळे क्षारही अडवणाऱ्या आरओला (रिव्हर्स ऑस्मोसिसला) लागतो तसा मोठा दाब इथे लागत नाही. एक ते तीन बार बहुधा पुरतात (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब).

पटल सपाट नसून पोकळ धाग्यांच्या रूपात असते. पीव्हीडीएफ किंवा पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकांचे, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे हजारो धागे एका बंद नळकांड्यात भरून दोन्ही टोकांना रेझिनने घट्ट बसवतात. हे झाले मॉड्यूल. काही बनावटींत पाणी धाग्याच्या आतून बाहेर झिरपते, काहींत बाहेरून आत. ७० चौ. मीटर पटल असलेल्या मॉड्यूलमधून, दर चौ. मीटरला ताशी ६० लिटर या बेताने, तासाला ४,२०० लिटर पाणी मिळते. बुडीत पद्धतीत हेच धागे उघड्या टाकीत सोडून पाणी शोषून घेतात. तिथे ओढ वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही, बंद नळकांड्यात ती मर्यादा नसते. थंड पाणी घट्ट होऊन उत्पादन घटले, तर दाब वाढवून भरपाई करता येते.

१९०७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बेखहोल्ड यांनी कोलोडियनच्या (नायट्रोसेल्युलोजच्या चिकट द्रावणापासून बनवलेल्या) गाळण्यांवर काम करताना ‘अल्ट्राफिल्ट्रेशन’ हे नाव दिले. पुढे बराच काळ ही प्रयोगशाळेतली गोष्ट राहिली. पिण्याच्या पाण्यासाठी तिचा मोठा वापर १९८० च्या दशकाअखेरीस फ्रान्समध्ये सुरू झाला. तिला खरे वजन आले ते १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात घडलेल्या साथीनंतर. वाळूचे गाळणे आणि क्लोरीन दोन्ही असूनही क्रिप्टोस्पोरिडियम नळाच्या पाण्यात उतरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. या परजीवीला क्लोरीन जुमानत नाही. पण त्याची कोष्ठे ४ ते ६ मायक्रॉनची, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या छिद्रांपुढे अजस्रच.

गाळणे सोपे, पटल स्वच्छ ठेवणे अवघड. अडलेला मळ पृष्ठभागावर साचत जातो आणि तेवढेच पाणी मिळवायला दाब वाढवावा लागतो. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाला गाळलेलेच पाणी उलट्या दिशेने अर्धा-एक मिनिट सोडतात, हा बॅकवॉश. त्याने न सुटणाऱ्या सेंद्रिय चिकट थरासाठी सोडियम हायपोक्लोराइट, लोह आणि चुन्याच्या खपलीसाठी आम्ल वापरतात. एवढे करूनही आत आलेल्या पाण्यापैकी ९० ते ९५ टक्के हाती लागते. पावसाळ्यात नदीचे लालभडक पाणी थेट पटलावर घेऊन पूर्वशुद्धीकरणाचा खर्च वाचवू पाहणे ही महागात पडणारी काटकसर होय. आधी तुरटी किंवा फेरिक क्लोराइडने गाळाच्या गुठळ्या केल्या, तर पटल जास्त टिकते.

हजारोंतला एक धागा तुटला तरी न गाळलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळते, आणि गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राला ते जाणवेलच असे नाही. म्हणून दाबघट चाचणी घेतात. धागे ओले ठेवून एका बाजूला सुमारे एक बार दाबाने हवा भरायची, झडप बंद करायची आणि काही मिनिटे दाबमापकावर नजर ठेवायची. ओल्या छिद्रांतले पाणी पृष्ठताणामुळे हटत नाही, म्हणून हवा तिथून बाहेर पडत नाही. तीन मायक्रॉनहून मोठे भोक असेल तर मात्र निसटते. काटा भरभर उतरला की मॉड्यूल बाजूला काढून बुडबुडे कुठून येतात ते पाहतात आणि त्या धाग्याचे तोंड खिळीने बुजवतात. बाकीचे धागे पूर्ववत चालू राहतात.

समुद्राचे पाणी गोडे करताना किंवा सांडपाणी पुनर्वापरासाठी शुद्ध करताना आरओच्या आधी ही पायरी ठेवतात. एकट्याने ती कठीणपणा, नायट्रेट किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलमधील फ्लोराइड काढू शकत नाही. उलट, धरणाचे कमी क्षारांचे पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवून बादलीभर पाणी मोरीत सोडण्यापेक्षा यूएफचा (अल्ट्राफिल्ट्रेशनचा) साधा फिल्टर केव्हाही शहाणपणाचा. तो वीज न वापरता नळाच्या दाबावरही चालतो.