प्लेअरवर चौकोन दिसले म्हणजे गाणं करप्ट?

"प्लेअरवर गाण्याचं नाव चौकोन किंवा प्रश्नचिन्हं असं दिसलं की फाईल करप्ट झाली, डिलीट करून परत कन्व्हर्ट करा" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. वाटतंही तसंच, पण गाणं शेवटपर्यंत नीट वाजतंय ना, मग आवाजाला काही झालेलं नाही.

एमपीथ्रीमध्ये आवाज वेगळा आणि नाव, गायक, अल्बम ही माहिती वेगळी, तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. जुनी आवृत्ती फाईलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात नावाला फक्त ३०, म्हणून लांब नावं मधेच तुटतात. नंतरची सहसा फाईलच्या सुरुवातीला असते, त्यात २.३ आणि २.४ असे प्रकार, आणि खरी गोची इथेच आहे: यूटीएफ-८ (मराठीसारखी अक्षरं साठवायची एक पद्धत) अधिकृतपणे २.४ मध्येच चालतं, आणि बरेच जुने प्लेअर २.४ धड वाचतच नाहीत.

तपासायचं तर फाईलचं नाव बदलून बघा, टॅग वाचणारा प्लेअर तरी जुनंच दाखवेल, म्हणजे नाव टॅगमधूनच येतंय. मग कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅगसारख्या टॅग एडिटरमध्ये उघडा, तिथे नाव नीट दिसत असेल तर सेटिंगमध्ये २.३ आणि यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची दुसरी पद्धत, २.३ मध्ये चालणारी) निवडून एकाच गाण्यावर सेव्ह करून बघा, चाललं तर बाकीची सगळी एकदम. (एडिटरमध्येच कचरा दिसला तर नाव हाताने टाईप करावं लागेल.)

तरीही चौकोनच आले तर बहुतेक प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, तिथे इंग्रजी अक्षरांत नाव लिहिण्याला पर्याय नाही. परत कन्व्हर्ट मात्र करू नका, एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री केलं की क्वालिटी थोडी जातेच आणि चुकीचा टॅग बहुतेक वेळा तसाच कॉपी होऊन येतो.