समविश्वासी जोडीदाराची निवड (ख्रिस्ती विवाह)

ख्रिस्ती व्यक्तीने प्रभू येशूवर विश्वास ठेवणारा आणि त्या विश्वासाप्रमाणे चालणारा जोडीदार निवडावा, ही ख्रिस्ती मंडळीची आरंभापासूनची शिकवण. तिचा सर्वांत स्पष्ट आधार नव्या करारात, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ७:३९) आहे : विधवेला हवे त्याच्याशी लग्न करण्याची मोकळीक आहे, मात्र ते ‘प्रभूमध्ये’ व्हावे. विजोड जुवाखाली जाऊ नका, हे २ करिंथ ६:१४ मधील वचन याहून अधिक वेळा सांगितले जाते. पण तेथे पौल केवळ लग्नाविषयी बोलत नाही, अविश्वासी लोकांशी जोडल्या जाणाऱ्या सर्वच संबंधांविषयी बोलतो. विवाहाला ते लागू पडते, कारण त्याहून जवळचे नाते नाही.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात (७:३–४) परक्या राष्ट्रांशी सोयरीक करण्यास मनाई आहे. त्यामागे वंशाचा अभिमान नसून मुले देवापासून दूर जातील ही चिंता आहे. मवाब या परक्या राष्ट्रातली रूथ इस्राएलाच्या देवाला आपला मानून आली आणि दावीद राजाची पणजी झाली. याउलट शलमोन राजाचे मन म्हातारपणी त्याच्या परक्या बायकांनी अन्य देवांकडे वळवले (१ राजे ११). निवड कशी करावी हे उत्पत्ती २४ व्या अध्यायात दिसते. अब्राहामाचा सेवक त्याचा मुलगा इसहाक याच्यासाठी वधू शोधायला निघतो, दहा उंट घेऊन विहिरीपाशी थांबतो, आधी प्रार्थना करतो आणि मग पाहत राहतो. रिबका त्याला पाणी पाजते, एवढेच नव्हे तर आपण होऊन उंटांसाठीही पुन्हा पुन्हा पाणी शेंदते. घराणे नंतर विचारले जाते, स्वभाव आधी दिसतो. आणि निघण्यापूर्वी तिची स्वतःची संमतीही घेतली जाते.

म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आणि ख्रिस्ती आडनाव यांवर निवड थांबवणे अपुरे आहे. दोघे एकाच मंडळीचे असूनही एकाला प्रार्थना जगण्याचा भाग वाटते आणि दुसऱ्याला सणापुरती, असे असेल तर अंतर लग्नानंतर उघडे पडते. भांडणानंतर क्षमा कोण आधी मागतो, मिळकतीतला वाटा देवकार्याला आणि गरजूंना द्यायचा का, मुलांना काय शिकवायचे, आजारी आईवडिलांना कोण सांभाळणार, यांवर लग्नाआधी मोकळेपणी बोलणे आवश्यक असते. विवाहपूर्व मार्गदर्शनात पाळकांनी या प्रश्नांना पुरेसा वेळ द्यायला हवा. लग्नानंतर जोडीदार विश्वासात येईल या भरवशावर होकार देणे धोक्याचे आहे. तसे वचन पवित्र शास्त्रात कोठेही दिलेले नाही.

मंडळ्यांचे नियम सारखे नाहीत. कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार (१९८३) बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह विशेष सवलतीवाचून वैध ठरत नाही. अन्य पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीशी विवाहाला परवानगी लागते. दोन्ही वेळी कॅथलिक पक्षाला, मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यावे लागते. प्रॉटेस्टंट परंपरेत १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने ‘प्रभूमध्येच विवाह’ हे कर्तव्य ठरवले.

ही शिकवण आधीच झालेल्या लग्नांवर कुऱ्हाड चालवत नाही. अविश्वासी जोडीदार एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असे पौल सांगतो (१ करिंथ ७:१२–१४). पौलाचा सहकारी तीमथ्य याचा पिता हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता. तरी तीमथ्याच्या ठायीचा निष्कपट विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता.