माणूस आणि परग्रहवासी डिटेक्टिव्ह: ही जोडगोळी आली कुठून?

पृथ्वीवरचा पोलीस आणि परग्रहावरचा पोलीस मिळून एखाद्या खुनाचा छडा लावतायत, ही आयडिया आता इतकी अंगवळणी पडलीय की एकेकाळी अशी गोष्ट नीट लिहिताच येणार नाही असं जाणकार लोक ठासून सांगायचे यावर विश्वास बसत नाही. पण सांगायचे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

मजा म्हणजे डिटेक्टिव्ह कथा जिथून सुरू झाली असं मानतात ती एडगर ॲलन पोची १८४१ ची रू मॉर्गची गोष्ट, तिथेच गुन्हेगार माणूस नाहीये. बंद खोलीतून आलेला आवाज साक्षीदारांनी ऐकलाय आणि प्रत्येकजण सांगतो की ती भाषा परकी होती, डच माणसाला ती फ्रेंच वाटते, इंग्रज माणसाला जर्मन, इटालियन माणसाला रशियन, आणि यातली एकही भाषा त्या त्या माणसाला येत नाही! शेवटी निघतो ओरांगउटान. म्हणजे माणूस नसलेला जीव कसा वागेल याचा तर्क करून केस सोडवायची, हे पहिल्याच गोष्टीत आहे.

पुढे रहस्यकथा वाचक विरुद्ध लेखक असा खेळ झाली आणि खेळ म्हटला की नियम आले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथा लेखकाने दहा नियम लिहिले, त्यात भुताखेतांना बंदी, आणि कोणाला माहीत नसलेलं विष किंवा शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं यंत्र, त्यालाही बंदी. आता विज्ञानकथेत तर हेच सगळं असतं. त्यामुळे अस्टाउंडिंग मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल, ज्याच्या हाताखाली त्या काळातले मोठमोठे विज्ञानकथा लेखक तयार झाले, तो म्हणायचा की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदूच शकत नाहीत, कारण डिटेक्टिव्ह ऐनवेळी खिशातून एखादं नवं यंत्र काढणार आणि खुनी सापडला म्हणणार, मग वाचकाने डोकं कशाला चालवायचं?

याला उत्तर दिलं हॅल क्लेमंटने. खरं नाव हॅरी क्लेमंट स्टब्ज, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानं चालवलेला, नंतर शाळेत सायन्स शिकवणारा माणूस. त्याची 'नीडल' ही कादंबरी १९४९ मध्ये कॅम्पबेलच्याच मासिकात क्रमशः आली आणि १९५० मध्ये पुस्तक झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकारात आजही हीच सगळ्यात हुशार गोष्ट आहे. यातला परग्रहावरचा पोलीस म्हणजे जेलीसारखा एक जीव, दुसऱ्याच्या शरीरात राहणारा. गुन्हेगारही त्याच्याच जातीचा. दोघांची यानं पॅसिफिकमधल्या एका बेटाजवळ कोसळतात, पोलीस शिरतो किनाऱ्यावर झोपलेल्या बॉब नावाच्या पोराच्या अंगात, आणि पोलिसाला काही कळायच्या आत पोरगा विमानात बसून अमेरिकेतल्या बोर्डिंग स्कूलला! आता गुन्हेगार राहिला बेटावर कोणाच्या तरी अंगात, आणि पोलिसाला स्वतःचे हातपाय पण नाहीत, पोराशी बोलायचं तर त्याच्या डोळ्याच्या आत अक्षरं उमटवावी लागतात. क्लेमंट काय करतो, तर या जीवाला काय जमतं आणि काय जमत नाही ते आधीच सांगून टाकतो. जखम झाली की तो आतून रक्त थांबवतो, आणि त्यामुळे पोरगा हळूहळू बेफिकीर व्हायला लागतो. मग आपणही बेटावरच्या प्रत्येक माणसाकडे तसंच बघायला लागतो की अरे हा एवढा पडला आणि याला काहीच कसं झालं नाही? परग्रहवासीयाचं शरीर हाच पुरावा. कॅम्पबेलला जे यंत्र खिशातून निघेल अशी भीती होती ते इथे पहिल्यापासून टेबलावर मांडलेलं आहे. गुन्हेगार कोणाच्या अंगात निघतो ते मी सांगत नाही.

आयझॅक असिमोवची 'केव्ह्ज ऑफ स्टील' ही कादंबरी १९५३ मध्ये गॅलेक्सी मासिकात आली, संपादक होरेस गोल्डच्या आग्रहामुळे. तिथे जोडीदार परग्रहवासी नाही तर रोबो, पण त्याला पाठवलंय दुसऱ्या ग्रहांवर स्थायिक झालेल्या लोकांनी आणि पृथ्वीवरच्या डिटेक्टिव्हला रोबो अजिबात आवडत नाहीत. इथून जोडीतली कुरबूर हाच गोष्टीचा अर्धा भाग झाला.

सिनेमात हे बऱ्याच उशिरा आलं. १९८७ च्या 'द हिडन'मध्ये लॉस एंजेलिसचा पोलीस, त्याच्या जोडीला एफबीआयचा म्हणून आलेला परग्रहवासी, आणि एका शरीरातून दुसऱ्यात उडी मारणारा गुन्हेगार, म्हणजे क्लेमंटची आठवण येणारच. आणि १९८८ मध्ये आला 'एलियन नेशन'. यात परग्रहवासी हल्ला करायला आलेले नाहीत, गुलामांनी भरलेलं जहाज मोहावी वाळवंटात उतरलंय आणि ते लोक आता लॉस एंजेलिसमध्ये राहतायत, नोकऱ्या करतायत, लोकांच्या शिव्या खातायत. आंबलेलं दूध प्यायलं की त्यांना चढते, समुद्राचं पाणी लागलं की ॲसिडसारखं भाजतं. इमिग्रेशनवाल्यांनी त्यांना नावं पण चेष्टेची दिली, म्हणून डिटेक्टिव्हचं नाव सॅम फ्रान्सिस्को. १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये काळा डिटेक्टिव्ह आणि गोरा पोलीसप्रमुख यांच्यात जे चालतं तेच इथे चालतं, आणि शेवटी समुद्रात पडलेल्या आपल्या माणूस जोडीदाराला वाचवायला फ्रान्सिस्को त्याच पाण्यात हात घालतो. नियम आधी सांगितलेला असल्यामुळे तो हात आपल्यालाही भाजतो.

सिनेमातली केस मात्र साधीच आहे, ड्रग्जवर येऊन थांबते. खरं काम केलं ते त्याच नावाच्या १९८९ च्या टीव्ही मालिकेने, केनेथ जॉन्सनने परग्रहवासी डिटेक्टिव्हला बायको, मुलं, शेजारी सगळं दिलं आणि शाळेतल्या त्रासापासून घराबाहेरच्या द्वेषापर्यंत सगळं दाखवलं. फॉक्स या टीव्ही चॅनेलने ती एका सीझनमध्ये बंद केली, तीही ऐन उत्कंठेच्या जागी, आणि त्या प्रसंगाचं पुढे काय झालं ते प्रेक्षकांना १९९४ च्या टीव्ही सिनेमात कळलं.