पन्नास मीटरचा पोहणारा उशिरा पिकतो

नागपुरात ऊन चढू लागले की जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते आणि जूनअखेरीस विदर्भातील शाळा उघडल्या की ती तितक्याच वेगाने ओसरते. मागे राहतात ती स्पर्धेसाठी पोहणारी मोजकी मुले, आणि त्यांच्यातीलही बरीच दहावी-बारावीच्या तोंडावर पाणी सोडतात. अभ्यासाचे कारण खरेच असते. पण सतराव्या वर्षापर्यंत टायमिंग उतरले नाही तर पुढे काय उतरणार, असा समजही घरात आणि कधी कधी तलावाच्या काठावर ऐकू येतो. पन्नास आणि शंभर मीटर फ्रीस्टाइलपुरता तरी हा समज शरीरशास्त्राला धरून नाही.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे तो राज्य शासनाच्या सेवेत तहसीलदार झाला, आणि तरीही २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात असताना, पन्नास मीटरच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. अंतिम फेरीत त्याला २२.४७ सेकंद लागले आणि कांस्यपदक २२.४६ ला गेले. या वेगाला सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे पाण्यातले जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. गंमत अशी की पन्नास मीटरच्या तलावाची प्रत्येक लेन तीन सेंटिमीटरपर्यंत जास्त लांब असली तरी नियमांना चालते. हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजून निकाल लावण्याची पद्धत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर सोडून देण्यात आली, त्याच्या मुळाशी हेच कारण आहे. म्हणूनच सिडनीत २००० साली अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर या दोघांनाही २१.९८ सेकंदांवर सुवर्णपदक मिळाले.

तोच अर्विन मधली बरीच वर्षे स्पर्धांपासून दूर राहिला आणि २०१६ साली रिओमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, पुन्हा पन्नास मीटरचा विजेता ठरला. डारा टोरेस हिने बीजिंगमध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी रौप्यपदक मिळवले, तेही शंभराव्या भागाने सुवर्ण हुकून. हे अपवाद म्हणून बाजूला सारता येतील, पण एकाच शर्यतीत इतके अपवाद जमले की त्यांचे कारण शोधणे भाग पडते.

ते कारण पाण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सुरुवातीची उडी हिशेबातून वगळली, तर पंचवीस सेकंदांवरून साडेबावीसवर येणाऱ्या मुलाचा वेग सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो, शक्ती मात्र जवळपास सदतीस टक्क्यांनी वाढवावी लागते. मुलांची उंची आणि हातांची लांबी सतरा-अठराव्या वर्षापर्यंत बहुतांशी पूर्ण होते, परंतु स्नायूंची जाडी आणि त्यांतील जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्याची मज्जासंस्थेची क्षमता पंचविशीपर्यंत, आणि नीट व्यायाम केल्यास त्यापुढेही, वाढत राहते. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे मूल पाणी सोडते, त्या वयात त्याच्या शरीराची खरी बांधणी नुकती सुरू झालेली असते.

दुसरा मार्ग विरोध कमी करण्याचा, आणि तो अधिक वेळखाऊ आहे. हात पाण्यात शिरल्यावर कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग उभा करायचा, म्हणजे पाणी खाली दाबले न जाता मागे ढकलले जाते. काठावरून पाहणाऱ्याला ही हालचाल दिसतही नाही. कोपर क्षणभर जरी खाली पडले तरी हात पाण्यातून निसटतो आणि तो फेरा वाया जातो. सर्वोत्तम पुरुष खेळाडू पन्नास मीटरमध्ये पस्तीस-चाळीस हात मारतात आणि अनेक जण एकदाही श्वास घेत नाहीत, कारण मान वळवली की शरीराची सरळ रेषा मोडते. श्वासाविना हे निभते, याचे कारण पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटमधून आणि उरलेली मुख्यतः ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनातून येते.

मग रोज मैलोन्‌मैल पोहणे कशासाठी, असा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकएवॉय या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडला. रिओमध्ये शंभर मीटरचा दावेदार असूनही तो पदकापासून दूर राहिला होता. नंतर त्याने पाण्यातले अंतर एकदम कमी करून बळ वाढवणाऱ्या व्यायामावर आणि पूर्ण वेगाच्या छोट्या टप्प्यांवर भर दिला, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तिशीत पन्नास मीटरचे सुवर्ण जिंकले. सर्वांनी त्याची नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. लहानपणापासून पोहलेल्या हजारो किलोमीटरची पुंजी त्याच्या गाठीशी होती.

नागपूरच्या हवेला मात्र ही पद्धत सोयीची आहे. स्पर्धेचे पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे लागते. मे महिन्यात उघड्या तलावाचे पाणी याहून बरेच तापू शकते आणि पाण्यात घामाचे बाष्पीभवन होत नसल्याने शरीरातील उष्णता बाहेर पडणे कठीण होते. अशा वेळी लांब सरावापेक्षा भरपूर विश्रांती घेऊन केलेले पंचवीस मीटरचे टप्पे बरे. डिसेंबर-जानेवारीत तेच पाणी इतके गार होते की स्नायू मोकळे होत नाहीत, तेव्हा तास-दीड तास व्यायामशाळेत घालवणे शहाणपणाचे. तिथेही वजने उचलण्याआधी पाहावा तो खांदा. एकाच दिशेने लाखो वेळा फिरून छातीकडचे स्नायू बळकट आणि पाठीकडचे तुलनेने दुबळे होतात, सांध्याचा तोल बिघडतो आणि पोहणाऱ्यांची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा, कोपर बरगडीला टेकवून, बाहेरच्या बाजूला हळूहळू ओढण्याचा व्यायाम त्यासाठी उपयोगी पडतो, आणि तो बारावीच्या वर्षातही घरी करता येतो.