उपचारासाठी मुलाचा ताबा सोडणारे पालक : अमेरिकेतील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एक कायदा लागू झाला. नको असलेले मूल कुठेतरी टाकून देण्याऐवजी रुग्णालयात आणून सोडणाऱ्या पालकावर खटला भरू नये, एवढाच त्याचा हेतू होता. वयाची मर्यादा किती असावी यावर आमदारांचे एकमत न झाल्यामुळे कायद्यात नुसते ‘मूल’ असे लिहिले गेले. पुढच्या चार महिन्यांत सुमारे ३५ मुले रुग्णालयांत सोडली गेली आणि त्यांत नवजात अर्भक एकही नव्हते. बहुतेक मुले चांगली जाणती, कित्येक तर मिसरूड फुटण्याच्या वयाची होती. काहींना आईवडिलांनी दूरच्या राज्यांतून आणले होते. या मुलांपैकी बहुतेकांनी मानसिक आजारासाठी पूर्वी कधी ना कधी उपचार घेतलेले होते. नोव्हेंबरमध्ये खास अधिवेशन बोलावून विधिमंडळाने वयाची मर्यादा ३० दिवसांवर आणली आणि रुग्णालयांची दारे या पालकांना बंद झाली. ते तिथवर का आले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्याचे अर्धे उत्तर आधीच सरकारदरबारी नोंदलेले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २००१ या आर्थिक वर्षात १२,७०० हून अधिक मुलांना त्यांच्या पालकांनी केवळ मानसिक उपचार मिळावेत म्हणून बालकल्याण किंवा बालगुन्हेगारी यंत्रणेच्या हवाली केले होते. आणि हा आकडाही अवघी १९ राज्ये आणि ३० काउंट्या (राज्यांतर्गत जिल्हे) यांच्या माहितीवर आधारलेला, म्हणजे अपुराच होता. यामागचे गणित साधे आणि क्रूर आहे. खासगी विमा मानसिक उपचारांचे थोडे दिवस भरून देई आणि मग हात वर करी. निवासी उपचार केंद्राचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचा आणि गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत हे घर बसत नसे. बालकल्याण खात्याकडे पैसा होता, पण तो खात्याच्या ताब्यातील मुलांसाठीच. तेव्हा पालकांनी ताबा सोडल्याच्या कागदावर सही करायची, मग मुलाला उपचार मिळणार, आणि त्याची शाळा कोणती किंवा औषध कोणते हे ठरवण्याचा अधिकार मात्र आईवडिलांकडे उरणार नाही. ज्यांनी मुलाला कधी मारले नाही की उपाशी ठेवले नाही, अशांची नावेही काही ठिकाणी मुलांची हेळसांड करणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसली.

उरलेले अर्धे उत्तर कुटुंबाकडे संशयाने पाहण्याच्या जुन्या सवयीत आहे. १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी शिकागोत बालन्यायालयाला जोडून मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली, तिथपासून बालमार्गदर्शन चिकित्सालयांची परंपरा मोजली जाते. १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या अमेरिकी धर्मादाय संस्थेच्या पैशातून अशी चिकित्सालये शहरोशहरी निघाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे त्रिकूट तिथे काम करी. मुलाला डॉक्टर पाही आणि आईशी समाजकार्यकर्ता बोले. हीच कल्पना मुंबईतही पोचली. नागपाड्यात काम करणारे अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे बालमार्गदर्शन चिकित्सालय निघाले. कल्पना मुलांच्या भल्याचीच होती, यात शंका नाही. परंतु आईशी वेगळे बोलता बोलता तिच्यातच दोष शोधण्याची रीत अमेरिकेत पडली. अतिलाड करणारी आई, थंड आई, स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी एकाहून एक लेबले १९४० च्या दशकात तयार झाली आणि १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) खापरही आईच्याच थंडपणावर फोडले. मूल बरे करायचे तर ते घरापासून तोडले पाहिजे, असे एकदा मानले की घराला आधार देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या समजुतीला पहिला ठोस छेद मानसशास्त्रज्ञ निकोलस हॉब्ज यांच्या ‘री-एड’ (पुनर्शिक्षण) प्रकल्पाने दिला. १९६१ मध्ये टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत त्याची सुरुवात झाली. मुले आठवडाभर छोट्या निवासी शाळेत राहत आणि शनिवार-रविवार घरी जात. घर, शाळा आणि वस्ती यांच्याशी संधान बांधणारा शिक्षक खास नेमलेला असे. बिघाड एकट्या मुलात नसून मूल आणि त्याच्या भोवतालच्या माणसांतील विस्कटलेल्या संबंधांत आहे, असे हॉब्ज यांचे म्हणणे होते.

१९७५ च्या शिक्षणविषयक केंद्रीय कायद्याने प्रत्येक अपंग मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ठरवताना पालकांना हक्काची जागा दिली. आज अमेरिकेतील मराठी पालकही शाळेतल्या ज्या बैठकीला बसतात, ती याच कायद्याची देणगी आहे. मात्र या कायद्यातील ‘गंभीर भावनिक विकार’ या वर्गाची व्याख्या इलाय बोवर यांच्या कॅलिफोर्नियातील अभ्यासातून उचलताना ‘केवळ सामाजिक कुसमायोजन’ असलेली, म्हणजे आजार नसून नुसते समाजाशी न जुळणारी, मुले वगळण्याची अट जोडली गेली. सवंगड्यांशी व शिक्षकांशी संबंध जुळवता न येणे हे व्याख्येतच लक्षण असताना ही अट विसंगत होती आणि खुद्द बोवर यांनीही तिच्यावर आक्षेप घेतला होता. मारामारी करणारे मूल आजारी की वांड, हा वाद त्यामुळे शाळाशाळांत रंगत राहिला.

खरे वळण १९८२ मध्ये आले. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या संस्थेसाठी जेन निट्झर यांनी केलेल्या पाहणीत गंभीर विकार असलेली सुमारे ३० लाख मुले असून त्यांपैकी दोन-तृतीयांश मुलांना आवश्यक सेवा मिळत नाहीत, असा अंदाज मांडला गेला. त्यानंतर १९८४ मध्ये संसदेने राज्यांना यंत्रणा उभारण्यासाठी मदत करणारी एक छोटी योजना मंजूर केली. तिची पहिली तरतूद जेमतेम १५ लाख डॉलरची होती, पण खात्याखात्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम तिने केले. १९८६ मध्ये ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे पालक आणि व्यावसायिक यांची बरोबरीच्या नात्याने परिषद भरली आणि १९८९ मध्ये अशा कुटुंबांचा स्वतःचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. डॉक्टरांनी काढलेल्या संस्था पूर्वीही होत्या. ही पालकांनी चालवलेली होती, हा फरक लहान नाही.

याच काळात ‘रॅपअराउंड’ नावाची, म्हणजे मुलाला घरातून न हलवता सेवाच त्याच्याभोवती गुंफण्याची, कार्यपद्धती घडत होती. शिकागोत कार्ल डेनिस यांच्या कॅलिडोस्कोप संस्थेचा नियम होता की मूल कसेही वागले तरी त्याला काढून टाकायचे नाही. परराज्यांतल्या संस्थांत हजारो किलोमीटर दूर पाठवलेली मुले अलास्काने १९८० च्या दशकाच्या मध्यास जॉन व्हॅनडेनबर्ग यांच्या पुढाकाराने परत आणायला घेतली. या पद्धतीत मुलाचा आराखडा ठरवणारी बैठक बहुधा कुटुंबाच्या सोयीच्या जागी, पुष्कळदा त्यांच्या घरीच होते. आई, आजी, वर्गशिक्षक, प्रोबेशन अधिकारी, एखादा शेजारी किंवा खेळाचा प्रशिक्षक जमतात. आधी घराला काय जमते ते लिहिले जाते, मग काय हवे ते. हवे असलेले बरेचदा अगदी साधे असते. सकाळी मुलाला शाळेच्या बसपर्यंत नेणारे माणूस, आईला विसावा मिळावा म्हणून शनिवारची दुपार, रात्री मूल बिथरले तर पोलिसांऐवजी फोन करता येईल असा क्रमांक. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मिलवॉकी काउंटीने बालकल्याण, बालन्यायालय आणि मेडिकेड यांचा पैसा एकाच थैलीत घालून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली.

पैशाच्या वाटा मात्र विचारांच्या मागे पडल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली दाखल झालेल्या रोझी डी. खटल्याचा निकाल २००६ मध्ये न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी दिला. मेडिकेडमधील मुलांना घरी राहून सेवा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, असे त्यात ठरले आणि त्यानंतर उभारलेल्या सेवांत, स्वतः अशा मुलाला वाढवलेल्या पालकाला ‘कुटुंब-साथी’ म्हणून पगारी जागा मिळाली. बालकल्याणाचा मुख्य केंद्रीय निधी मूल घरातून काढण्याआधीच कुटुंबाच्या मानसिक उपचारांवर खर्च करण्याची मुभा राज्यांना थेट २०१८ च्या कायद्याने दिली. त्या मुभेलाही अट आहेच. मूल ताब्यात घेण्याची वेळ जवळ आली आहे असे राज्याने ठरवल्याखेरीज त्या घराला हा निधी लागू होत नाही.