मोठ्या मंचावरचे सहा गळे

कॉयर म्हणजे समूहगानाच्या महोत्सवात सहा गायकांचा संच मंचावर आला की तो मोठ्या वृंदाची लहान प्रत वाटतो. इतिहास मात्र उलटा आहे. सोळाव्या शतकात इटलीत माद्रिगाल, म्हणजे अनेक स्वरओळींची गीते, घरगुती बैठकीत गायले जात, बहुधा एका भागाला एकच गळा. प्रत्येकाच्या हातातल्या वहीत फक्त स्वतःची ओळ छापलेली. इतरांचे काय चालले आहे, ते कानांनीच टिपायचे.

महोत्सव पुढे आले आणि त्यांनी संख्येला मान दिला. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये संगीतकार हँडेलच्या स्मरणार्थ गायक-वादक मिळून पाचशेच्या वर कलाकार बसले होते. एस्टोनियात तार्तू इथे १८६९ पासून गीतमहोत्सव सुरू झाला, तोही अनेक वृंदांना एकत्र आणणारा. लहान संच ठळकपणे परतले ते विसाव्या शतकात. १९६८ चा किंग्ज सिंगर्स हा इंग्लिश संच म्हणजे, सर्वात उंच पुरुषी आवाजापासून खर्जापर्यंत, दोन काउंटरटेनर, एक टेनर, दोन बॅरिटोन, एक बास.

बैठकीचे हे गाणे सभागृहात आले की पहिली अडचण श्वासाची. दहा सोप्रानो (उंच आवाजाच्या गायिका) आळीपाळीने श्वास घेतात, ओळ तुटत नाही. एकटीने घेतला तर तिथे भोकच पडते. म्हणून श्वासाच्या जागा पेन्सिलने आधीच खुणावतात आणि त्या जागी शेजारचा गायक सूर धरून ठेवतो.

दुसरी, सूर उतरण्याची. याचा दोष सरसकट थकव्याला देणे चूक आहे. शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) सुमारे १४ टक्के खाली असतो. काही स्वरसंगती तंतोतंत शुद्ध लावत, सामाईक स्वर जसेच्या तसे धरत गेले, तर एका आवर्तनात षड्जच प्रमाणश्रुतीएवढा, म्हणजे अर्धस्वराच्या सुमारे २२ टक्के, खाली सरकतो. पाच आवर्तनांत अख्खा अर्धस्वर गेला! इटालियन गणितज्ञ बेनेदेत्तीच्या १५८५ मध्ये छापलेल्या पत्रांत हे सरकणे गणिताने मांडलेले आहे. गायकांचे कान उत्तम असूनही हे घडते, म्हणून उपायही कानानेच करावा लागतो: सामाईक स्वर धरणाऱ्याने तो केसभर चढवायचा आणि बासने मूळ षड्ज मनात पक्का ठेवायचा. तालमीत पियानो सतत वाजत राहिला तर ही सवय लागतच नाही.

तिसरी गोष्ट उभे राहण्याची. मोठ्या वृंदाच्या पायऱ्यांवर सहा जण पसरले की एकमेकांना ऐकू येणे बंद होते. त्यापेक्षा खाली, सपाट जागी, हातभर अंतराने अर्धवर्तुळ करावे. बास मध्यभागी असलेला बरा, कारण सगळे सूर त्याच्यावर टेकतात. दगडी चर्चमध्ये नाद चार-पाच सेकंद रेंगाळतो, तिथे लय थोडी उतरवावी आणि ओळीअखेरचा ‘स’ एकानेच स्पष्ट उच्चारावा. सहाही जणांनी उच्चारला तर फुत्कार ऐकू येतो.

सुरुवातीचा सूर ४४० हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कवरून (ठराविक सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्यावरून) एकाने हळूच द्यायचा. तालमीत शेवटच्या स्वरसंगतीवर तोच फोर्क पुन्हा कानाला लावला की किती घसरलो ते लगेच कळते. मग उलट मागे जात, कोणत्या मात्रेवर घसरलो ती जागा शोधायची.